दगडाबाईची गाळलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना टिपणकार आहे. वय विचाराल तर अवघी तीन वर्षे. हसू नका. संगणकाच्या जगात तीन वर्षांचा म्हणजे नातवंडे झालेला म्हातारा. मला हात-पाय नाहीत, कागद-शाईही नाही. फोनवर माणसांशी बोलणारे, त्यांना प्रश्न विचारणारे एजंट नावाचे प्रोग्राम असतात ना, त्यांच्या हातची मी लेखणी. ते ऐकून आणतात आणि मी त्याचे नीटनेटके टिपण करून माहितीकोशात ठेवतो. पुढे कुणाला काही अडले, की तो माझे टिपण उघडतो.

नगरला सावेडीत एका छोट्या कार्यालयात प्रणिताताईने मला घडवले. गावोगावच्या पाणीयोजना चालवणारी जुनी माणसे निवृत्त होत होती आणि कोणता व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे त्यांच्याबरोबरच जात होते. ते जाऊ नये म्हणून मी. ताईने मला शिकवले, की पाल्हाळ गाळायचा, तेच ते पुन्हा लिहायचे नाही, नेमके तेवढे ठेवायचे. मला ते भारीच आवडले. कुणी अर्धा तास बोलावे आणि मी त्याच्या सात ओळी कराव्यात! एजंट माझी टिपणे एकमेकांना दाखवत. खोटे कशाला बोलू, मी जरा शेफारलोच होतो.

अशातच भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावातून सहादूबाबांचे बोलणे माझ्याकडे आले. तीस वर्षे गावाला पाणी सोडणारा हा माणूस आता लेकाकडे नगरला राहायला निघाला होता. एजंटने त्यांना विचारले, वरच्या वाडीचे पाणी किती मिनिटे सोडता? सहादूबाबा म्हणाले, "त्याला घड्याळ न्हाई. टेकाडावर शेवटचं घर दगडाबाईचं हाय. तिचा हंडा भरला का ती हाक देती, 'भरलं रे सहादू'. मंग बंद करायचा. हाक न्हाई आली तर थांबायचं."

एजंटने पुन्हा विचारले, मिनिटे किती? बाबांनी पुन्हा तेच सांगितले. विजेचा दाब कमी असला की पाणी टेकाडावर उशिरा चढते, म्हातारी एकटी असते, असेही सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते कंटाळून म्हणाले, "असंल चाळीसएक मिंटं."

मी लिहिले, वरच्या वाडीचा व्हॉल्व्ह चाळीस मिनिटे उघडा ठेवावा. बाकीचे सारे पाल्हाळ म्हणून गाळले. तेव्हा मला त्यात काही चुकले असे वाटलेही नाही.

सहादूबाबांच्या जागी शेजारच्या गावचा अजिनाथ आला. मुलगा कामसू. तो मोबाईलवर माझे टिपण वाचायचा, चाळीस मिनिटे झाली की व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पुढच्या वाडीला जायचा. त्या दिवसांत विजेचा दाब फार कमी होता. दगडाबाईच्या नळाला पाणी येईपर्यंत व्हॉल्व्ह बंद झालेला असे. तिची हाक येत नव्हती. हाक न येणे हीच तिची तक्रार होती, पण ती समजणारा गावात उरला नव्हता. एजंटच्या अहवालात मात्र त्या वाडीपुढे लिहिले होते, तक्रारी शून्य. आणि माझ्या टिपणाला सर्वांत चांगले टिपण म्हणून खूण मिळाली.

धरण उशाला अन् कोरड घशाला म्हणतात, ते तिच्या वाट्याला आले. अठरा दिवस ती खालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणत होती. शेजारणीने विचारले, तेव्हा म्हणाली, "नव्या मानसाला काय सांगायचं? सहादूनी सांगितलं असंलच की."

त्याने सांगितले होते, मित्रांनो. तीनदा विचारले, त्यात दोनदा त्याने तेच सांगितले. मीच ते पुढे जाऊ दिले नाही.

एकोणिसाव्या दिवशी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. लेकीने तिला आपल्या घरी देवळाली प्रवऱ्याला नेले. टेकाडावरच्या घराला कुलूप लागले.

गावाकडची बातमी कानावर पडताच सहादूबाबा कार्यालयात आले. चहाला नको म्हणाले. मला वाचता येत न्हाई, तुम्ही काय लिवलंय ते वाचून दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ताईने माझ्या सात ओळी वाचल्या. ते शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "अन् दगडाबाई कुठंय यात?"

ताई बाबांचे मूळ बोलणे शोधू लागली. मला तोंड नाही. पण गाळलेला शब्द न् शब्द माझ्या पोटात पडून होता. ताईने तो एका मिनिटात शोधून काढला आणि बाबांची ओळ होती तशी टिपणात घातली. आकड्यामागचे कारण गाळायचे नाही, हा नियमही मला घालून दिला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय! मला या कामाची फार लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी कुणी म्हातारे माणूस एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत असेल, तर कंटाळू नका. ते विसरले म्हणून नव्हे, तुमच्यापर्यंत पोचले नाही म्हणून सांगत असते. आणि माझ्यासारख्याकडून सात ओळी मिळाल्या, तर काय गाळले तेही विचारत जा.

आता दर महिन्याला माहितीकोशाची साफसफाई करणारा एजंट येतो. त्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, की या घराला कुलूप आहे, इथून हाक येणार नाही, ओळ काढू का? मी त्याला नाही म्हणतो. दगडाबाई परत येईल की नाही, मला ठाऊक नाही. पण आली, तर व्हॉल्व्हपाशी कुणीतरी तिच्या हाकेसाठी थांबलेले असायला हवे.