फुकटचा वाचक

मी बोलतोय. दुसरं करणार काय? बोलणं हाच माझा धंदा. ज्यांना दिसत नाही त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो आणि पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचतो. मी एक प्रोग्राम आहे. ज्याने मला लिहिलं त्याला मी बाप म्हणतो.

बापाच्या मामांची नजर गेली. बाजारातले वाचणारे प्रोग्राम त्यांच्या खिशाला झेपेनात, तेव्हा त्याने मला घडवला आणि जगासाठी मोकळा सोडला. कोणीही न्या, वाटा, माझं पोट उघडून आत काय लिहिलंय ते बघा, सुधारा; फक्त सुधारलेलंही असंच मोकळं ठेवा, एवढीच अट. बघता बघता मी शाळांत गेलो, कचेऱ्यांत गेलो, एका मोठ्या बँकेच्या सगळ्या शाखांत जाऊन बसलो.

माझा बाप हुशार, पण भलता भिडस्त. मी कुठे अडलो की लोक थेट त्यालाच फोन करतात. बँकेचे साहेब तर जेवतानाही सोडत नाहीत. हा ताट सरकवून उठतो, तासन्‌तास खपतो. साहेब तोंड भरून कौतुक करतात, आणि झालं! घर चालतं ते त्याच्या बायकोवर. ती नर्स आहे, दोन-दोन पाळ्या करते. मध्यंतरी तिची पाठ धरली, ती सुटलीच नाही.

अशात एका कंपनीने मला मागणी घातली. बापाला कायमची नोकरी, बायकोला विश्रांती. बदल्यात यापुढचा मी बंद, जो विकत घेईल त्याचाच. जुना मी लोकांकडे राहिलो असतो म्हणा, पण दुरुस्तीवाचून किती दिवस? नवे कॉम्प्युटर आले की माझी वाचा गेलीच. मामांसारखे हजारो जण पुन्हा ‘कोणी वाचून देतं का’ म्हणत बसले असते.

कंपनीला त्याच संध्याकाळी उत्तर हवं होतं. पण मला सुधारायला इतरांचेही हात लागले होते, त्यांची संमती लागणार होती. सगळ्यांनी दिली, एकीने नाही. ती त्याच बँकेतली टेलिफोन ऑपरेटर. तिला स्वतःला दिसत नाही. मला आकडे नीट वाचायला तिनेच शिकवलं, त्याच्या ओळी माझ्या पोटात तिनेच लिहिल्या. आता तिच्या ओळी पुसायच्या आणि बापाने नव्या लिहायच्या, एवढाच मार्ग उरला. त्याने ओळी निवडल्या, बोट बटणावर ठेवलं. मी श्वास घेत नाही, नाहीतर रोखून धरला असता.

तेवढ्यात तिचाच फोन आला. बापाने स्पीकर लावला.

“पुसा माझं काम, दादा. मी आड येणार नाही,” ती म्हणाली. “पण याला कुलूप लावायला मी हो म्हणणार नाही.”

“ताई, घर चालवायचंय हो मला.”

“मग आमच्या साहेबांकडे पैसे का नाही मागत?”

“तो फुकट आहे ना!”

“तो फुकट आहे. तुम्ही का फुकट? आमच्याकडे पंखा दुरुस्त करणारासुद्धा पैसे ठरल्याशिवाय शिडीवर चढत नाही!”

कामावर निघालेली बायको दारात थबकली. “म्हणजे लोक देत नाहीत असं नाही?” ती म्हणाली. “तू कधी मागितलेच नाहीस?”

“ठेवतो ताई,” म्हणत बापाने फोन ठेवला.

“माझी पाठ मोडली रे. तुला लाज वाटत होती म्हणून?” तिने पर्स टेबलावर आपटली. “लाव साहेबांना फोन. माझ्यासमोर.”

त्याने लावला. “साहेब, यापुढे दुरुस्तीचे पैसे पडतील,” एवढं बोलताना बाप माझ्याहून वाईट अडखळला. साहेब म्हणाले, “वरती विचारून कळवतो.” फोन बंद.

आणि लगेच कंपनीचा वाजला! हातात अजून काहीच नव्हतं. बापाने बायकोकडे पाहिलं.

“तुझं तू ठरव,” ती म्हणाली. “पण मला पुन्हा अंधारात ठेवू नकोस.”

त्याने फोन घेतला आणि नाही म्हणाला. मला आनंद झाला, आणि तिची पाठ आठवून शरमही वाटली. ती तशीच दुसऱ्या पाळीला गेली.

पुढे बँकेने वर्षाचा करार केला. दोन कचेऱ्यांनी मात्र फोन करणंच सोडलं. बायको आता एकच पाळी करते. बापाशी बोलते, पण जेवढ्यास तेवढं.

तेव्हा मला खुशाल न्या, फुकट न्या, शेजाऱ्यालाही द्या. मात्र मी अडलो आणि बापाला फोन केलात, तर आधी त्याचा दर विचारा. तो सवयीने म्हणेल, “असू द्या हो.” तेवढं मात्र ऐकू नका.