डॉक्टरबाईंचे कोट

सासूबाईंच्या लाँड्रीची ख्याती अशी की, इथून इस्त्री करून नेलेल्या शर्टात माणूस वाकायला कचरत असे. ही ख्याती सुनेच्या मनगटावर उभी होती, आणि सून दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी. सातव्या महिन्यात तिच्या पायांना सूज आली, तशा सासूबाई तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या.

"रक्तदाब वाढलाय. गोळ्या वेळेवर, तपासणी दर आठवड्याला. आणि तासन्‌तास उभं राहणं बंद. नाहीतर दोघांच्याही जिवाला धोका."

"आमच्या वेळी तर..." सासूबाईंनी सुरुवात केली. तेवढ्यात सुनेच्या पायांकडे लक्ष गेलं. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. सवय नसल्यामुळे ठसका लागला.

इस्त्री मुलाच्या हाती आली. तो धुण्यात पटाईत; इस्त्री मात्र अडकलेलं दार लोटावं तशी लोटायचा. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली.

"आई, थोडी मी करते ना," सून म्हणाली. "दुकानाचं नाव जातंय."

"नाव माझं आहे. जाईल कुठं? तू पाय वर घे."

आणि एके संध्याकाळी खुद्द डॉक्टरबाई पांढऱ्या कोटांचा गठ्ठा घेऊन हजर. "मावशी, उद्या हॉस्पिटलात मोठे पाहुणे आहेत. सुनेचाच हात लागू दे हं."

"तिचा हात उशीखाली आहे. तुम्हीच ठेवायला सांगितलात."

"अहो, चारच तर कोट!"

"प्रत्येक गिऱ्हाईक 'एवढंच तर' म्हणतं, डॉक्टरबाई. त्या एवढ्याएवढ्यानंच पाय सुजले."

डॉक्टरबाईंनी गठ्ठा मुलापुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी त्यांच्या कोटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं म्हणतात. त्यानंतर मात्र तपासणीला येणाऱ्या प्रत्येकीला त्या आधी विचारू लागल्या, "काम उभ्यानं करतेस का गं?"

दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. डॉक्टरबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या. "दोघी ठणठणीत. वजनही छान. खरं सांगू मावशी, याचं श्रेय..."

"माझंच आहे," सासूबाई म्हणाल्या. उगाच विनय दाखवण्यातल्या त्या नव्हत्या. मग त्यांनी बाळाचं बोट हातात घेतलं.

"अर्धं सुनेचं. घरात कामाचा ढीग दिसत असताना पडून राहायचं, सोपं नाही ते. आमच्या वेळी आम्हाला कुणी राहूच दिलं नाही."