चव्वेचाळीस माणसं, चोवीस बिछाने

पाणबुडीचा खोका आमच्या कपाटावर सात महिने पडून होता. धाकट्या लेकीने वडिलांसाठी आणलेला. सुटे भाग जोडून पाणबुडी करायची; कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि आतल्या खोल्या, यंत्रं, बिछाने, सगळं जसंच्या तसं. ह्यांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि म्हणाले, "बावीस वर्षं खरीत काढली, आता खोटीत कशाला शिरू?" खोका वर गेला तो गेलाच.

हे पाणबुडीवर इंजिनाचे मेकॅनिक होते. दोन-दोन महिने पाण्याखाली असायचे. घरी आले की मी विचारायचे, "कुठे होता?"

"पाण्यात."

"काय करत होता?"

"वर यायची वाट बघत होतो."

त्यापुढे शब्द नाही. बाहेर काही बोलणार नाही, अशी सही दिली होती म्हणे. हे निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, सही काही निवृत्त झाली नाही.

मला लढाईचं, गुपितातलं काही नको होतं. माणूस इतकी वर्षं कशा खोलीत राहिला, एवढंच बघायचं होतं. कारण तिथून परत येणारा माणूस मला उमगायचा नाही. बिछान्यात अंग चोरून, भिंतीला चिकटून झोपायचे. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला की ताडकन उठायचे, उशी उलटी करायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. नव्या संसारात हे चार-पाचदा झालं. माझा हात ह्यांना आवडत नाही, असं मी समजले आणि हात ठेवायचं सोडून दिलं. विचारलं नाही. असलं विचारतात का कुणी?

तर एका सकाळी हे पेपर वाचत बसले असताना मी स्टुलावर चढून खोका खाली काढला.

"पडशील," पेपरामागून आवाज आला.

"पडले तर उचला."

टेबलावर जुनी चादर अंथरली. आत राखाडी प्लास्टिकच्या अकरा चौकटी, प्रत्येकीला बारीक बारीक भाग चिकटलेले, प्रत्येक भागाला नंबर. शिवाय घडीचा एक कागद, उलगडला तर टेबलाएवढा. अक्षरं मला पंचेचाळिशीत आली, त्यामुळे छापलेली ओळ गाळायची मला सवय नाही. चौकटी आधी साबणाच्या पाण्यात धुवा, असं कागदावर होतं, मी धुतल्या. भाग ओढून तोडू नका. मी नेलकटरने कापले आणि कडा घासून घेतल्या. चिकटवायचं सोल्यूशन थेंबभरच लावा. मी शिवणाची सुई त्यात बुडवून लावलं.

तीन आठवड्यांत इंजिनाची खोली उभी राहिली. बॅटऱ्या बसल्या, काडीएवढा पेरिस्कोप बसला. हे रोज टेबलाजवळच्या खुर्चीत पेपर वाचायला लागले. पान मात्र उलटायचे नाहीत.

मग बिछाने आले. नखाएवढे, बारीक चिमट्याने धरून बसवायचे, एकावर एक तीन. चोवीस भरले. आणि कागदाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते घरातलं भिंग लावून वाचलं: माणसं चव्वेचाळीस. मी चौकटी पुन्हा तपासल्या, चादर झटकली, कपाटाखालून झाडून काढलं. वीस बिछाने गायब.

सगळं पिशवीत घातलं आणि बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानात गेले. खोका तिथूनच घेतलेला होता.

"वीस बिछाने कमी आलेत," मी दुकानदाराला म्हटलं.

त्याने भिंग घेऊन यादी बघितली. "आजी, यादीत चोवीसच आहेत."

"आणि माणसं चव्वेचाळीस. बाकीचे काय पंख्याला लटकतात?"

"माणसं खोक्यात येतच नाहीत, आजी. तुम्ही कशाला त्यांची काळजी करता?"

"त्यातला एक माझ्या घरी आहे म्हणून."

तो हसायचा थांबला. "मग त्यांनाच विचारा ना."

"त्यांना विचारता आलं असतं, तर भर उन्हात तुझ्याकडे आले असते का?"

घरी आले आणि ठरवलं, नसतील तर आपण करू. पुठ्ठ्याचे वीस बिछाने कापले आणि जागा शोधायला लागले. चार बॅटऱ्यांवर टाकले, तीन स्वयंपाकखोलीत कोंबले. पुढच्या खोलीत टॉर्पेडो होते, त्यांच्यावर सहा आडवे मांडले. सातवा ठेवणार, तेवढ्यात पेपर खाली आला.

"काय चाललंय?"

"माणसं झोपवतेय."

"टॉर्पेडोवर?"

"मग कुठे? वीसजण उभे ठेवू?"

"अगं, बॅटरीवर पण घातलेस? भाजून निघतील की!" हे उठून टेबलाशी आले. "काढ. काढ ते सगळे. चोवीसच असतात."

"चोवीसात चव्वेचाळीस?"

"एकजण ड्यूटीवर, एकजण बिछान्यात. तो उठला की हा आडवा. साहेब लोक चौघं, त्यांना एकेक. उरले चाळीसजण, वीस बिछाने." बोलून गेले आणि दाराकडे बघितलं.

"सही मोडली," मी म्हटलं.

ह्यांनी जरा विचार केला. "सहीत बिछान्यांचं काही नव्हतं."

मी चिमटा ह्यांच्यापुढे धरला. "तुमचा कुठला?"

चिमट्याचं टोक इंजिनाच्या खोलीच्या दाराशी गेलं, तिथल्या तीन बिछान्यांतल्या मधल्यावर थांबलं. "हा. माझा आणि लंबूचा. सहा वर्षं."

"लंबू कोण?"

"पाय बाहेर यायचे त्याचे. तो उठला की मी, मी उठलो की तो. गादी कधी थंड पडायची नाही. केसांना कसलंसं तेल लावायचा, उशीला वास यायचा."

"सहा वर्षं एका अंथरुणात, आणि मला पत्ता नाही! म्हणजे सवतच की माझी."

हे इतके हसले की टेबल हललं. मी पाणबुडी धरून ठेवली.

"सवतीशी बोलणंसुद्धा नव्हतं गं," डोळे पुसत म्हणाले. "तो जागा तेव्हा मी झोपेत. आणि हाक मारायची नाही, बाजूचे झोपलेले असतात. खांद्यावर हात पडला की समजायचं, आपली वेळ संपली. उठायचं, उशी उलटी करायची, म्हणजे पुढच्याला गार बाजू मिळते, आणि जागा सोडायची."

मी पुठ्ठ्याचे बिछाने एकेक उचलून बशीत ठेवत होते. पाचव्यावर माझा हात थांबला.

"घरी पण तेच करायचात?"

"अंगच उठायचं. झोपेत कुठे कळतंय घर की पाणबुडी. का गं?"

"मला वाटायचं, तुम्हाला माझा हात नको असतो."

ह्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि मला वाटायचं, तुला जागा हवी असते."

चार दिवसांनी कागदावरची शेवटची पायरी आली. पाणबुडीची दुसरी बाजू चिकटवून बंद करा. नंतर उघडता येणार नाही. मी सुई सोल्यूशनमध्ये बुडवली. आत दिसणारं सगळं आता झाकलं जाणार, आणि त्याबरोबर ह्यांचं तोंडही, असं मनात आलं. पण लिहिलेलं आहे तर करायला हवं.

"थांब," हे म्हणाले. "संडास चुकीच्या जागी बसवलायस."

"कागदात तिथेच आहे."

"कागद छापणारा गेला होता का त्यात कधी? दोन होते चव्वेचाळीस जणांना. आणि निघताना त्यातल्या एकात बटाट्यांची पोती भरायचे. पहिले पंधरा दिवस एकच."

"बटाटे? संडासात?"

"मग कुठे ठेवणार, टॉर्पेडोवर?"

मी सोल्यूशनचं झाकण लावून टाकलं. हे खुर्ची ओढून टेबलावर वाकले आणि चिमट्याने संडास उपटायला लागले. मी मागे उभी राहून बघत होते. बघता बघता उजवा हात ह्यांच्या खांद्यावर गेला.

लगेच अर्धे उठले.

"बसा हो," मी म्हटलं. "मला जागा नकोय."

बसले. "मग भिंग दे," म्हणाले.

भिंग मी डाव्या हाताने दिलं.