गाठ पुसणारे बाबा

दुकानावरच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे स्टुलावर बाबा, मांडीवर पॅड आणि कागद. रोगाचं चित्र काढून बाबांनी ते पुसलं की अंगातला रोगही पुसला जातो, अशी त्यांची ख्याती. पहिल्या रांगेत माझी धाकटी बहीण बसली होती. तिच्या छातीत गाठ होती आणि सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं.

बाबांनी मला पेन्सिल दिली. "मास्तर, तुम्हीच काढा बहिणीची गाठ. दाबून काढा, रोग हट्टी आहे."

मी दाबून गोळा काढला आणि रबराने खसाखसा घासला. डाग राहिला, वर कागदाला लव आली.

"माणसाच्या हाताने एवढंच व्हायचं," बाबा डोळे मिटून म्हणाले. मग झोळीतली पेन्सिल काढून नव्या कागदावर त्यांनी तसाच गोळा काढला आणि 'मंतरलेल्या मातीचा' राखाडी लगदा त्यावर नुसता टेकवत गेले. गाठ गेली. "पुसणारा मी कोण? मी तर साधं फडकं. चित्रकलेचे मास्तर आहात, सांगा लोकांना, खूण दिसते?"

मी कागद उजेडात तिरका धरला. खरंच काही नव्हतं. "नाही," मी म्हणालो. लोकांनी हात जोडले. बहिणीने घरी येऊन हॉस्पिटलला फोन केला आणि ऑपरेशन रद्द केलं.

भाची माझ्याच वर्गात शिकते, हॉलमध्ये तीही आईशेजारी बसली होती. जेवणं झाल्यावर तिने माझ्यापुढे दोन पेन्सिली ठेवल्या. "मामा, वर्गात तुम्हीच ओरडता ना? कडक पेन्सिल दाबली की कागदावर चरा पडतो. रबर शिसं उचलतं, चरा भरत नाही. मऊ पेन्सिल, हलका हात, आणि मळायचं रबर टेकवायचं, घासायचं नाही. बाबांची मंतरलेली माती म्हणजे तेच मळायचं रबर. त्यांनी तुम्हाला कडक पेन्सिल दिली, स्वतः मऊ घेतली. तुम्ही कागद बघितलात, पेन्सिल नाही."

तिने गोळा काढला, पुसला. कागद कोरा. शेंबड्या पोराला कळावं ते मला कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ती खूण दिसायलाच नको होती, ऑपरेशनची धास्ती बहिणीपेक्षा मलाच जास्त होती. मान वर करवेना.

बहीण दारात उभी होती. "दादा, मी बाबांवर कुठे विश्वास ठेवला? तू नाही म्हणालास, म्हणून फोन केला."

पुढच्या बैठकीला मी भरल्या हॉलमध्ये उभा राहिलो आणि मऊ पेन्सिल आणि मळायचं रबर एका आजींच्या हाती दिलं. आजींनीही गाठ बेमालूम पुसली.

"त्यांच्या अंगात माझीच शक्ती आली," बाबा म्हणाले.

"मग त्याच शक्तीने ही कडक पेन्सिल दाबून काढलेली रेघ पुसा," मी म्हणालो. बाबांना तेवढ्यात ध्यानाची वेळ आठवली.

ऑपरेशनची नवी तारीख महिन्यानंतरची मिळाली. मधल्या दिवसांत गाठ वाढली का, हे डॉक्टरांना मी विचारतो आणि ते खाली बघतात.

तेव्हा मंडळी, एवढंच ऐका. रेघ कागदावरची असते म्हणून पुसली जाते. अंगातल्या गाठीला डॉक्टरच लागतो. आणि कुणी शिकला-सवरलेला माणूस छातीठोकपणे 'खूण नाही' म्हणाला, तरी मान डोलावू नका. पेन्सिल स्वतःच्या हातात मागून घ्या. माझ्या बहिणीने ती मागितली नाही, कारण तिथे तिचा भाऊ उभा होता.