खंडेनवमीचा फळा

डिजिटल नेतृत्वाच्या प्रशिक्षणात गुणवंतीबाईंना आधी सांगण्यात आलं की मुख्याध्यापक म्हणजे जहाजाचा कप्तान. जेवणाच्या सुट्टीनंतर तो माळी झाला. दुसऱ्या दिवशी हेरंब नावाच्या तरुण प्रशिक्षकाने पडद्यावर पक्ष्यांचा थवा आणला आणि सगळ्यात पुढच्या पक्ष्याकडे बोट करून तो म्हणाला, हे तुम्ही. बाईंनी हात वर करून विचारलं, या पक्ष्याला विजेचं बिल येतं का? सगळे हसले. हेरंबही हसला आणि पुढच्या चित्राकडे वळला.

बाईंना मात्र हसू येत नव्हतं. त्यांची शाळा लालबागची, गिरणी कामगारांनी पगारातून वर्गणी काढून उभारलेली. संप झाला, गिरण्या गेल्या, माणसं बदलापूर-विरारकडे पांगली आणि शाळेचे वर्ग रिकामे होत गेले. सरकार शिक्षकांचे पगार देत होतं. खडू, झाडू, वीज, दुरुस्ती यांसाठीचं अनुदान कागदावर मंजूर असायचं आणि तिथेच राहायचं. अशात एका कंपनीच्या धर्मादाय संस्थेने संगणक आणि बोटाने चालणारा डिजिटल फळा दिला. त्यामुळे पाचवीत थोडी मुलं परत येऊ लागली होती. आता हीच संस्था तीन वर्षं संगणकांच्या खोलीचा सगळा खर्च उचलणार होती. अट एकच. मुख्याध्यापकांनी प्रशिक्षण पुरं करायचं आणि शेवटी संस्थेच्या पाहुण्यांना फळा वापरात दाखवायचा. नाही जमलं, तर सामान दुसऱ्या शाळेला जाणार होतं.

पाहुणे यायचे होते दसऱ्यानंतर. अष्टमीच्या संध्याकाळी हेरंबचा निरोप आला, भेट उद्याच सकाळी. उद्या खंडेनवमी होती.

बाईंनी कपाळाला हात लावला, पण घाबरल्या नाहीत. खंडेनवमीला शाळेतल्या यंत्रांची पूजा व्हायची ती दुपारी, शाळा सुटल्यावर. ती करायचे कुशाबा. गिरणीत फिटर होते, संपात नोकरी गेली, तेव्हापासून शाळेच्या कमिटीवर. शिवणयंत्र, पाण्याचा पंप, ऑफिसातला जुना टाइपरायटर, झालंच तर घंटा, सगळ्यांना ते झेंडूचे हार घालत आणि दसऱ्याला आपट्याची पानं वाटेपर्यंत कशालाही हात लावू देत नसत. बाईंनी ही प्रथा कधी मोडली नाही. लहानपणी त्या आईबरोबर दसऱ्याला गिरणीत वडिलांच्या मागखात्यात गेल्या होत्या. एरवी गेटच्या आत पाऊल टाकू न देणारी गिरणी त्या दिवशी बायकापोरांना आत घ्यायची, आणि कानठळ्या बसवणारे माग हार घालून गप्प उभे असायचे.

सकाळी बाई शाळेत पोचल्या तेव्हा संगणकांच्या खोलीतून उदबत्तीचा वास येत होता.

डिजिटल फळ्याला वरून खालपर्यंत झेंडूची तोरणं होती. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, खाली नारळ. प्रत्येक संगणकाला फूल. मेन स्विच बंद, आणि त्यालाही हार. कुशाबा धुतलेला सदरा घालून खुर्चीवर बसले होते. साहेबलोक येणार हे त्यांना पाचवीच्या कांताबाईंकडून कळलं होतं. गिरणीत साहेब फेरीला यायचे तेव्हा पूजा आधीच मांडून तयार असे, म्हणून ते पहाटेच आले होते.

बाईंनी त्यांना समजावलं. पाहुणे फळा चालू बघायला येतायत, हार बघायला नाही. अर्ध्या तासासाठी लावू, मग परत पूजा करा, हवी तर मी करते. कुशाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बंद म्हणजे बंद, उद्या सोनं वाटलं की चालू, असं सांगितलं. बाईंनी मुलांचं नाव घेतलं, शाळेचं घेतलं, शेवटी स्वतःच्या रक्तदाबाचंही घेतलं.

"काका, ही खोली गेली तर पुढच्या वर्षी पूजा कशाची करणार?"

"उरलं असेल त्याची," कुशाबा म्हणाले. "गिरणी गेल्यावर पण मी पकडीची केलीच ना."

तेवढ्यात पाहुणे आले. हेरंब पुढे, मागे संस्थेच्या एक मॅडम आणि कॅमेरावाला. बाईंनी खुलाशाची चार वाक्यं मनात जुळवली होती, त्यातलं एकही बोलायची वेळ आली नाही. मॅडम दारातच थांबल्या, दोन्ही हात छातीशी नेले आणि इंग्रजीत म्हणाल्या की हेच, त्यांना नेमकं हेच हवं होतं. परंपरा आणि तंत्रज्ञान. हेरंबने वहीत काहीतरी लिहिलं. प्रात्यक्षिकाचा विषय कुणी काढला नाही. बाईंना आधी हायसं वाटलं आणि लगेच संताप आला. तीन आठवडे त्या घरी जेवण आटपून फळ्यावरचा अपूर्णांकांचा धडा तयार करत होत्या.

मॅडमना फक्त एकच फोटो हवा होता. पूजा चाललेली आणि फळ्यावर संस्थेचं नाव झळकतंय, असा. तोच अहवालात जाणार होता, मंजुरी त्यावरच. फळा जरा लावता का?

बाईंचा हात मेन स्विचकडे गेला. कुशाबांनी त्याच्याआधी आपला हात तिथे ठेवला.

"चालू मशीनला हार नाही घालत बाई," ते हळूच म्हणाले. "आमच्या खात्यात भिवाने घातला होता. मनगटापासून गेला हात."

"काका, हा फळा आहे. त्याला दात नाहीत."

"मला माहीत आहे."

त्यांनी हात काढला नाही. पंचाहत्तरीच्या माणसाशी पाहुण्यांदेखत झोंबाझोंबी करणं बाईंच्या प्रशिक्षणात बसत नव्हतं. मॅडम घड्याळ बघत होत्या. हेरंब सांगत होता की समाजाला सोबत घेऊन चालणं हाच नेतृत्वाचा गाभा. बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बोलता बोलता थांबला.

पाहुण्यांना चहाला बसवून त्या वर्गात गेल्या. कांताबाईंच्या हातून चित्रकलेचा मोठा कागद ओढून घेतला आणि मुलांना संस्थेचं नाव निळ्या-हिरव्या अक्षरांत लिहायला सांगितलं, बोधचिन्हासकट, फळ्याएवढं मोठं. कशाला, असं कांताबाईंनी विचारलं. बाई म्हणाल्या, नेतृत्वाला.

कागद फळ्यावर चिकटपट्टीने बसवला, कडा झेंडूत लपवल्या. कुशाबांनी निरांजन ओवाळलं, पाहुणे टाळ्या वाजवत उभे राहिले, कॅमेऱ्याचा झगझगाट झाला. फोटोत फळा असा काही उजळला होता की खुद्द बाईंना क्षणभर तो चालू वाटला. मॅडमना कळलं नाही, की कळून त्या बोलल्या नाहीत, याचा विचार करायचं बाईंनी टाळलं.

मंजुरीचा निरोप दसऱ्याला सकाळीच आला. शिवाय हेरंबचा वेगळा संदेश होता. पुढच्या तुकडीच्या मुख्याध्यापकांसमोर आपली यशोगाथा मांडायला गुणवंतीबाईंनी यावं.

तेव्हा बाई सुट्टीच्या दिवशी शाळेत उभ्या राहून फळ्याच्या काचेवरचा चिकटपट्टीचा डिंक नखाने खरवडत होत्या. कुशाबांनी त्यांना आपट्याची पानं दिली, मेन स्विचवरचा हार काढला, खटका वर केला आणि दुसरा कोपरा फडक्याने पुसायला घेतला.

"ती माणसं पुढच्या वर्षी पण येणार?"

"तीन वर्षं येणार."

कुशाबांनी फडकं झटकलं. "मग पुठ्ठ्यावर एक चांगला फळा रंगवूनच ठेवू. डेकोरेशनवाले सगळे ओळखीचे आहेत आपल्या."

गुणवंतीबाईंनी नखातला डिंक काढला.

"निळा जरा गडद घ्यायला सांगा," त्या म्हणाल्या. "फोटोत फिका आलाय."