ऋजूचं हसू

ऋजूच्या गालावरची खळी मंगळवारी टूथपेस्टच्या नळीवर गेली. "बाबा, माझी खळी नाहीये," ती आरशात बघून म्हणाली. मकरंदने नळी उचलून पाहिली. नळीवर झुबकी खार हसत होती आणि तिच्या गालावर खळी होती, चांगली ठसठशीत.

आता ही झुबकी कोणाची, तर मकरंद चौबळचीच. कार्टूनच्या कंपनीत तो चित्रकार. साहेबांना मुलांना वेड लावेल असं हसू हवं होतं. मग या गृहस्थाने काय करावं? झोपेतून उठून खुदकन हसणाऱ्या आपल्या लेकीचं हसू उचललं आणि खारीला चिकटवलं. वर पार्टीत टाळ्याही घेतल्या!

झुबकी धडाधड खपायला लागली. डब्यावर आली, ऋजूच्या भुवया गेल्या. चपलांवर आली, नाक गेलं. रेनकोट बाजारात आला त्या दिवशी अस्मिता लेकीचं तोंड पुसायला गेली, तर पुसायला तोंडच नव्हतं. तिने हातातला ओला रुमाल नवऱ्याच्या हातात ठेवला. ते त्याला लागलं.

त्याने साहेबांना फोन लावला.

"चेहरा परत हवाय."

"हसू तुम्हीच आणून दिलंत ना, चौबळ?"

"दिलं."

"मग? सोमवारी दप्तरं येतायत. डोळे जरा मोठे करून पाठवा."

आणि सांगायलाही लाज वाटते, पण त्याने पाठवले.

सोमवारी शाळा सुटली. फाटकातून दप्तरांचा लोंढा बाहेर आला, आणि प्रत्येक दप्तरावर त्याची लेक हसत होती. मकरंद एकेका दप्तराला हात करत राहिला. कोऱ्या चेहऱ्याची एक मुलगी शेजारी येऊन कधीची उभी होती, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाबा, मी इकडे आहे." तोंड नव्हतं, पण आवाज तिचाच होता.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

घरी ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. चाचपडत त्याच्या हातात पेन्सिल दिली.

"काढ. पहिल्यासारखी."

आता पहिल्यासारखी म्हणजे कशी? हात तयार होता, पण लेकीचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

"काढ ना रे बाबा!"

त्याने पेन्सिल तिच्या गालावर टेकवली. दुसऱ्या हाताने, आवाज होणार नाही असा, टीपॉयवरचा झुबकीचं चित्र असलेला बिस्किटांचा पुडा हळूच जवळ ओढला.

"बाबा," ऋजू म्हणाली, "तू कुठे बघतोयस?"