किसनरावांची पारख

आंजी गावात मीराबाईच्या अंगणात दोन कोंबड्या होत्या आणि आज त्यातली एक शिजणार होती. हिंगणघाटहून तिच्या लेकीचे, काजलचे, सासरे किसनराव आले होते, सोबत त्यांची बायको कोकिळा. लेकीचा सासरा म्हणजे देवाच्या खालोखाल. ह्या देवाला नैवेद्य फक्त गावरानी कोंबडीचा चालायचा.

खरी गावरानी होती चंद्री. बारीक, चपळ, कडुलिंबावर चढून बसणारी. नवरा गेल्यापासून मीराबाई तिच्याशीच बोलायची. दुसरी मोटारसायकलवरून फिरणाऱ्या पिल्लंवाल्याकडची, कंपनीची, म्हणजे संकरित. तिला भिंतीवरसुद्धा उडता येत नव्हतं. चंद्रीच्या मानेवर सुरी फिरेल ह्या विचाराने मीराबाईचा जीव सकाळपासून खालीवर होत होता.

किसनराव कोंबडी नुसती बघून तिचा वाण सांगतात, असं तेच सांगत. पण काजलच्या लग्नापासूनच्या चार वर्षांत मीराबाईनेही त्यांना ओळखलं होतं. बाईमाणूस ऊन पडलंय म्हणालं, की हा गृहस्थ छत्री शोधणार. म्हणून तिने पदर सावरला आणि सरळ खरं तेच सांगून टाकलं.

"इवाईबुवा, हे बारकी गावरानी आहे. ते जाडी कंपनीची."

किसनरावांनी चष्मा नाकावर चढवला आणि ते हसले. "तुमाले काय समजते, बाई? हे जाडीचे पाय पाहा. उकिरडे उकरून उकरून असे झाले. तुरा पाहा, लालभडक. हे अस्सल गावरानी! अन् ते बारकी? इंजेक्शनावर वाढवली, म्हून अंग नाई धरत."

"पन माह्या डोयासमोर अंड्यातून निघाली ते..."

"काऊन वाद घालून राह्यल्या? चाळीस वर्षं झाली, कोंबड्या खाऊन राह्यलो मी!"

जाडी गेली. किसनरावांनी चार वेळा रस्सा मागून घेतला आणि हाड चोखत निकाल दिला, "गावरानी ते गावरानीच." कोकिळा मान खाली घालून जेवत होती. बिचारीला काही कळलेलं दिसत नाही, असं मीराबाईला वाटलं.

निघताना किसनराव गाडी वळवायला गेले, तशी कोकिळा मागे राहिली. चंद्रीकडे बघत हळूच म्हणाली, "ईनबाई, हिले पिलं झाली, की दोन मले देजा. मी आमच्या याईले गावरानी आहे म्हूनच सांगतो. खरं सांगतलं तवाच वाचतील."